पालापाणी, मंगळवारी दुपारी दोन

लग्नात माईक धरणाऱ्या माणसाला एक गोष्ट पहिल्याच हंगामात कळते. पाहुणा जेवायला येतो हे खरं, पण तो थांबतो नाव पुकारलं जाईपर्यंत. ‘अमुक गावचे माजी सरपंच मंडपात दाखल झाले आहेत, त्यांचं शब्दसुमनांनी स्वागत,’ एवढं कानावर पडलं की माणूस खुर्चीत नीट मागं टेकून बसतो. एका लग्नात मी नवरदेवाच्या थोरल्या मावसोबांचं नाव विसरलो, तर ते आहेराची पिशवी काखेत मारून उपाशीपोटी वडवणीच्या एसटीत जाऊन बसले. नवरीकडचे तीन जण त्यांना स्टँडवरून परत आणायला गेले, तोवर अक्षता खोळंबल्या. तेव्हापासून मी खिशात वही ठेवू लागलो.

आमच्या घरातला पहिला भोंगा वडिलांनी घेतला तो जयंतीच्या मिरवणुकीसाठी. पुढे मी त्यात मंडप, जनरेटर, कॅमेरा, मोठा पडदा अशी भर घालत गेलो. चौतीस वर्षं हाच धंदा. लग्नं, सप्ताह, सत्कार, साखरपुडे, एकाच पुढाऱ्याचे एका दिवशी चार गावांत चार वाढदिवस, सगळं केलं. मग लॉकडाऊन आलं आणि मंडपाचे बांबू घराच्या भिंतीला टेकून उभे राहिले. पन्नास माणसांत लग्नं व्हायला लागली. तेव्हा मी मोबाईलवरून लग्न थेट दाखवायला सुरुवात केली. पुण्यात, सुरतेत अडकलेले नातेवाईक खाली नावं टाकायचे आणि सवयीप्रमाणे मी ती माईकवर वाचायचो. नाव वाचलं की तो माणूस शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत हलत नसे. मंडप न घालताही गर्दी धरून ठेवता येते, हे मला त्या उन्हाळ्यात उमगलं.

ऑनलाइन कार्यक्रम करणं अवघड नाही. लिंक पाठवली की पहिल्या वेळी लोक नवलाईनं येतात. दुसऱ्या वेळी ते का येतील, हा खरा प्रश्न. आमच्या धंद्यातल्या तरुण पोरांना वाटतं, कॅमेरा भारी असला की झालं. मी त्यांना सांगतो, बाबांनो, माणसं चित्र बघायला येत नाहीत, आपल्यावाचून काही अडतंय का ते बघायला येतात.

हे मी शिकलो रेशीमवाल्यांकडून. आमच्या बाजूला बऱ्याच जणांनी तुती लावलीय. रेशीम खात्यातल्या ओळखीच्या एका साहेबांनी सुचवलं की या लोकांची दर आठवड्याला ऑनलाइन बैठक घेता येईल का बघा, एकेकाच्या बांधावर जायला दिवस पुरत नाही. मला रेशमातलं ओ की ठो कळत नव्हतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अंड्यांतून निघालेले बारके किडे आधी चॉकीवाला सांभाळतो. दोन कात टाकून झाल्या की शेतकरी ते आपल्या शेडमध्ये आणतो, मांडणीवर पसरतो आणि दिवसातून दोनतीनदा तुतीचा पाला टाकतो. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास किडा कोष विणायला लागतो. त्या शेवटच्या आठवड्यात तो इतका खातो की घरातली सगळी माणसं पाला कापून दमतात. आणि नाजूक किती, तर उदबत्तीचा धूर सोसत नाही, तंबाखूचा हात सोसत नाही. बाळंतिणीच्या खोलीला जपावं तसं शेडला जपतात.

बैठकीला नाव दिलं ‘पालापाणी’. आधी मी वेळ ठेवली रात्री आठची. साहेब खूश, पण माणसं येईनात. महिन्याभरानं कळलं की नोंदणी सगळी सातबाऱ्यावरच्या पुरुषांची होती आणि किडे सांभाळत होत्या घरच्या बायका. रात्री आठला त्या चुलीपुढे असत. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, दुपारी दोन. सकाळचा पाला टाकून झालेला असतो, संध्याकाळचा कापायचा असतो, मधे तासभर पाठ टेकतो, तेवढ्यात काय बोलायचं ते बोला. मंगळवार, दुपारी दोन ठरलं आणि बैठक भरायला लागली.

पहिली पाच मिनिटं मी पुकारा करायचो. कोण आलं, कोणाच्या किड्याची कितवी कात चाललीय, कोणाचे कोष निघाले. पुरुषाचं नाव पडद्यावर दिसलं तरी आवाज बाईचा आला की तिचं नाव विचारून वहीत लिहायचो. वडवणीकडच्या कांताबाई लेकाच्या फोनवरून यायच्या, पडद्यावर नुसतं ‘मोबाईल’ असं दिसायचं. वर्षभर त्या एक शब्द बोलल्या नाहीत, पण मंगळवार चुकला नाही. अंबाजोगाईचे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांना माईक बंद करणं कधीच जमलं नाही. एकदा तज्ज्ञ पाहुणे रोगांवर बोलत असताना गुरुजी म्हशीला उद्देशून काही बोलले, ते पाहुण्यांनी स्वतःवर घेतलं. त्यांची समजूत काढता काढता माझी दुपार गेली. दुसऱ्या एका वक्त्यांनी पाऊण तास चौकोनी तक्ते दाखवले. तक्ते संपले तेव्हा बैठकीत मी, ते आणि कांताबाईंचा ‘मोबाईल’ उरलो होतो.

मग मी भाषणं बंद केली. एकीनं आपली मांडणी दाखवायची, बाकीच्यांनी चुका काढायच्या, असं सुरू केलं. चुका काढायला माणसं कुठूनही वेळ काढतात. कोणी चुकवलं तर त्याच्यासाठी रेकॉर्डिंगचे दोनदोन मिनिटांचे तुकडे करून गटावर टाकायचो. आणि बैठक संपताना मी रेडिओवाल्याच्या थाटात काळजीची पाच वाक्यं वाचायचो. त्यातलं एक होतं, ‘शेडच्या आसपास कसलंही कीटकनाशक फवारू नका.’ हे वाक्य मी वर्षभर दर मंगळवारी वाचलं.

वर्ष झालं तेव्हा मला हौस आली. वर्षपूर्ती थाटात करू, निम्मी माणसं शेतावर, निम्मी ऑनलाइन, मोठ्या पडद्यावर सगळ्यांचे चेहरे. जागा ठरली शोभाताईंची. वडवणीपासून सातआठ किलोमीटरवर त्यांचं शेत. नवरा भगवान ऊसतोडीच्या मुकादमाकडे हिशेबनीस, महिन्यातले वीस दिवस बाहेर. शेड ताई एकट्या सांभाळायच्या आणि आमच्या गटात त्यांचा शब्द शेवटचा असायचा. त्यांचे किडे चौथी कात टाकून उठले होते, आठवड्यात कोषाला लागणार होते. त्यांनी एकच अट घातली, आत कोणी यायचं नाही. मी म्हटलं, कॅमेरा खिडकीतून दाखवेल, माणूस दाराशीही जाणार नाही. त्याप्रमाणे मी दोर बांधला, पाटी लावली, उदबत्तीसुद्धा पेटवू दिली नाही. आपण किती काळजी घेतो, याचं मलाच कौतुक वाटत होतं.

आता मंडपवाल्याची एक सवय सांगतो. दिवे लागले की किडे येतात, पाहुण्यांच्या ताटात पडतात. म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी मंडपाभोवती पंपानं औषध मारायचं, हे आमचं ठरलेलं काम. खुर्च्या मोजाव्यात तसं ते हात आपोआप करतात. त्या शनिवारी संध्याकाळी पंप पाठीला लावून मी मंडपाला एक फेरी मारली. शेड चाळीसेक पावलांवर होती आणि वारा तिकडंच वाहत होता. मंडपातल्या किड्यांना मारायचं औषध आणि शेडमधले किडे, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींच्या जवळसुद्धा आल्या नाहीत.

रविवारी कार्यक्रम झकास झाला. सोमवारी किडे माना वर करून हिरवं पाणी ओकायला लागले आणि संध्याकाळपर्यंत मांडण्यांवर काळी पडलेली रास उरली.

मंगळवारी दोन वाजता शोभाताई बैठकीत आल्या. आवाजात रडणं नव्हतं. बॅच गेली, सगळी गेली, काय झालं ते कळंना, एवढंच म्हणाल्या. मग सगळ्यांनी डोकं लावलं. आत कोणी गेलं नव्हतं, पाला स्वतःच्या शेतातला होता, मग उरलं काय? कोणीतरी लिहिलं, चॉकीच खराब असणार. त्याखाली दुसऱ्यानं लिहिलं, तिसऱ्यानं लिहिलं. किडे दिले होते लक्ष्मणराव म्हणून चॉकीवाल्यांनी. साठीचा सरळ माणूस, तेही बैठकीत होते. ते सांगत होते की याच खेपेचे किडे आणखी चौघांनी नेलेत, त्यांचे बरे आहेत, पण ऐकायला कोणी तयार नव्हतं. गोंधळ वाढला म्हणून मी बैठक आवरती घेतली आणि नेहमीची पाच वाक्यं वाचायला लागलो. चौथ्या वाक्याला माझी जीभ अडकली. शेडच्या आसपास कसलंही कीटकनाशक. माझ्या पाठीला तो पंप परत लागल्यासारखा वाटला.

त्या क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. मी ‘रेंज जातीय’ म्हटलं आणि बैठक बंद केली. चौतीस वर्षांत मी माईकवर कधी खोटं बोललो नव्हतो असं नाही. लग्नात प्रत्येकच नवरी सुस्वभावी असते. पण हे खोटं मला आठवडाभर गिळता आलं नाही. त्या आठवड्यात दोघांनी लक्ष्मणरावांकडची मागणी रद्द केल्याचं कानावर आलं. मी दोनदा गाडी काढून शोभाताईंच्या गावच्या फाट्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

पुढच्या मंगळवारी पुकारा न करता मी सरळ सांगितलं. चॉकीत दोष नव्हता, लक्ष्मणरावांची चूक नाही, औषध मी मारलं, शनिवारी संध्याकाळी, या या जागी. बोलून झालं तेव्हा गुरुजींच्या गोठ्यातली साखळी ऐकू येत होती. मला वाटलं आता शिव्या येतील. शोभाताई बोलल्या त्या अगदी हळू.

“हे घरी येऊन सांगायचं होतं, भाऊ. पुकारायचं न्हवतं.”

आणि त्या निघून गेल्या. पडद्यावरचा त्यांचा चौकोन गेला. माईकपुढे मला कधी भीती वाटली नाही, पण एका माणसाच्या दारात उभं राहायचं धाडस झालं नाही, हे त्यांनी एका वाक्यात माझ्या पदरात टाकलं होतं. ते वाक्य मला अजून बोचतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या फाटकाशी गेलो आणि परत सगळं सांगितलं, या वेळी माईकशिवाय. भगवानही घरी होता. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, बोलणं दिलं नाही. भरपाईचं पुढे आमच्यात मिटलं, ते इथं सांगण्यासारखं नाही. लक्ष्मणरावांच्या घरीही गेलो. ते म्हणाले, “तुमी बोललाव म्हणून मी उद्या बाजारात तोंड दाखवीन,” आणि आत निघून गेले.

बैठक मोडली म्हणायला हरकत नव्हती. पुढच्या मंगळवारी निम्मे आले, त्याच्या पुढच्या मंगळवारी गुरुजी आणि कांताबाईंचा ‘मोबाईल’. घरचे म्हणाले, झालं ते झालं, आता कशाला तिथं बसता. साहेबांनीही थोडे दिवस थांबा असं सुचवलं. मी थांबलो नाही. दुकान ज्या दिवशी बंद दिसतं त्या दिवसापासून गिऱ्हाईक दुसरी वाट धरतं, हे मला ठाऊक होतं. आणि दुसरं म्हणजे, माझ्यामुळे बिघडलेली गोष्ट मी अर्धवट टाकून पळणार नव्हतो. दोन माणसं तर दोन माणसं. दर मंगळवारी दोनला लिंक पाठवायची, कॅमेऱ्यासमोर बसायचं, गुरुजींच्या म्हशीची चौकशी करायची आणि पाचही वाक्यं वाचायची. चौथं वाक्य मी आता हळू वाचायचो.

दीडेक महिन्यानं एका मंगळवारी शोभाताईंचा चौकोन उजळला. त्यांनी कोणाला नमस्कार केला नाही. म्हणाल्या, लक्ष्मणरावांकडूनच किडे आणलेत, कुणाला शंका असली तर रोज बघा, शेडमध्ये कॅमेरा लावा. मला उद्देशून वेगळं सांगितलं, “तुमी शेडकडं यायचं न्हाई. सामान फाट्यावर ठिवा, मी लावते.”

कॅमेरा आणि शर्टाला लावायचा बारका माईक मी नव्या डब्यात घालून फाट्यावरच्या दुकानात ठेवला. जोडणी मी फोनवरून सांगत गेलो, त्या करत गेल्या. माईक त्यांनी मांडणीच्या कडेला, पाल्यापासून वीतभर अंतरावर बांधला. किडे मोठे झाले की खाताना आवाज येतो, एवढं मला ऐकून माहीत होतं. तो मला सगळ्यांना ऐकवायचा होता, पण कानात काहीच येईना. दोन दिवस मी तारा तपासायला सांगून ताईंचं डोकं खाल्लं. मग ध्यानात आलं. माणसाचं बोलणं स्पष्ट यावं म्हणून बैठकीचं ॲप पाठीमागचा सलग आवाज कचरा समजून गाळून टाकतं. पंखा, पाऊस, किड्यांचं खाणं, त्याला सगळं सारखंच. ती गाळणी बंद केली आणि कानात सळसळ भरली. कोणीतरी दूरवर सतत कोरडा कडबा हलवतंय, असा तो आवाज.

तो मी दिवसभर गटासाठी सुरू ठेवला. आणि मग जे झालं ते कुठल्याही भाषणानं झालं नसतं. माणसं परत आली. बायका भाकरी थापताना फोन ओट्यावर ठेवून शोभाताईंचे किडे ऐकायच्या. एकीनं कळवलं, आवाज ऐकत ऐकत झोप लागली. कोणी काही विचारत नव्हतं, सांगत नव्हतं, नुसते सगळे त्या एका शेडपाशी बसून होते. पंधरा, वीस, पंचवीस नावं दिसायची. मी पुकारा करत नव्हतो, तरी कोणी उठत नव्हतं.

शेवटचा आठवडा लागला. मंगळवारची बैठक सुरू होती, शोभाताई सकाळी कापलेला पाला टाकून नुकत्याच बसल्या होत्या. लक्ष्मणराव काहीतरी समजावत होते. मधेच एक अनोळखी आवाज आला. वर्षभर न बोललेला ‘मोबाईल’ बोलत होता.

“शोभे, आवाज बसलाय. किडे खाईनात.”

मी आवाज वाढवला. मला तर सारखाच वाटत होता. चौतीस वर्षं आवाजाच्या धंद्यात काढलेला मी, मला फरक कळला नाही. पण लक्ष्मणराव म्हणाले, बाई बरोबर बोलतीय, उठा आधी, पाला काढा. शोभाताई पळाल्या. पडद्यावर आम्हाला त्यांची पाठ आणि दोन्ही हातांनी उचललेला पाला दिसत होता. काही किड्यांनी माना वर केल्या होत्या. कांताबाई पाला कुठला म्हणून विचारत होत्या. सकाळचा पाला बांधाकडच्या ओळींतला होता आणि पलीकडच्या शेतात आदल्या दिवशी कपाशीवर फवारा झाला होता. वाऱ्यानं तो इकडं आला असावा.

आता भरवायचं काय, हा प्रश्न उरला. बाकीच्या पाल्यावर विश्वास ठेवायला ताई तयार नव्हत्या आणि शेवटच्या आठवड्यात किडे उपाशी राहिले तर कोष पोचट होतात. चार दिवसांचा पाला हवा होता, गाडी भरून, रोज. कांताबाईंचे कोष नुकतेच निघाले होते, त्यांची तुती उभी होती. त्या म्हणाल्या, न्या माझा. मग एकेक बोलू लागले. अंबाजोगाईच्या वाटेवरचे दोघे, लक्ष्मणराव स्वतः. गुरुजींच्या तुतीचा पाला जुना होता, पण तेही कापायला निघाले. गाडी कोणाची, हे कोणी विचारलं नाही. मंडपाचा टेम्पो माझा होता.

शोभाताई फोनवर म्हणाल्या, टेम्पो तीनदा धुवा. मी चार वेळा धुतला. पंप तर केव्हाच भंगारात दिला होता. तीनच्या उन्हात शेतं फिरत, गोणपाट ओलं करून पाला झाकत, साडेपाचला मी त्यांच्या फाटकाशी पोचलो आणि त्यांच्या अटीप्रमाणे बाहेरच थांबलो. भगवान गावाला होता. ताई एकट्या बाहेर आल्या. पाल्याची जुडी नाकाशी नेली, दुसरी नेली, देठ मोडून बघितला. मग माझ्यासमोर उभ्या राहून विचारलं, “अंघोळ करून आलाव?”

“दोनदा.”

“बिडी, तंबाखू?”

“न्हाई.”

त्यांनी दाराशेजारची चुन्याची परात दाखवली. मी चपला काढल्या, पाय धुतले, चुन्यात पाय ठेवून आत गेलो. त्या शेडमध्ये मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. किडे मांडण्यांवर पसरलेले होते, मलूल, पण जिवंत. माफी मागावी असं वाटलं, पण ती तर दोनदा मागून झाली होती. डोळे भरून आले आणि मी तिथंच खांबाला धरून उभा राहिलो.

शोभाताईंनी माझ्या हातात पाल्याची जुडी दिली.

“नुस्तं उभं राहू नका, भाऊ,” त्या म्हणाल्या. “उपाशी हायेत ते. पाला टाका.”